घर दोघांचं, प्रवास कुणाचा?

पत्र

ताई, नमस्कार.

आम्ही भांडुपला चाळीत भाड्याच्या खोलीत राहतो. मी, मिस्टर, सहा वर्षांची मुलगी आणि सासूबाई. भाडं 16 हजार. अकरा महिन्यांचा करार संपत आला की मालक भाडं वाढवतो, नाहीतर खोली रिकामी करा म्हणतो. मुलगी झाल्यापासून तिसऱ्या खोलीत आहोत. मी दादरला एका सीएच्या ऑफिसात अकाउंट्स बघते, मिस्टर ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये कंपनीत आहेत.

धाकटे दीर बदलापूरला गेले, तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. तिथे वन बीएचके 38 लाखांना मिळतोय. दोघांचे पगार धरून 32 लाख कर्ज देऊ असं बँक म्हणते. सासूबाईंना दिरांकडची मोकळी हवा फार आवडलीय. मिस्टर म्हणतात, सगळे तिकडेच चाललेत, आत्ता घेतलं नाही तर पुढे तेही परवडणार नाही. मी गप्प बसते, कारण नको म्हटलं की घर होऊ न देणारी मीच ठरते. पण मला रात्री झोप लागत नाही. जाऊबाई नोकरी करत नाहीत, मी करते. माझं निम्मं आयुष्य गाडीत जाईल असं वाटतं. एवढे लोक तिकडे का जातायत? आणि आम्ही जावं का?

— एक वाचक, भांडुप

उत्तर

सप्रेम नमस्कार.

लोक का जातात, हे आधी बघू. घर स्वस्त आहे म्हणून, असं सगळे सांगतात आणि ते खरंच आहे. पण स्वस्त घर वांगणीलाही आहे, नेरळलाही आहे. माणूस नेमका बदलापूरला थांबतो, कारण बँक पगार बघून एक आकडा सांगते आणि तो आकडा घेऊन माणूस सेंट्रल लाइनवर पुढे पुढे सरकत जातो. जिथे आकडा बसतो ते त्याचं स्टेशन. गिरगाव-लालबागच्या खोल्यांमधून बाहेर पडलेली कुटुंबं एके काळी डोंबिवलीला थांबत. मग कल्याण आलं, मग अंबरनाथ. 1982 च्या संपानंतर गिरण्या बसल्या, पुढे त्या जमिनींवर टॉवर उभे राहिले आणि परळ-लालबागमध्ये नोकरदाराला घर घेणं अशक्य होत गेलं. प्रत्येक पिढीला आधीच्या पिढीच्या एक-दोन स्टेशनं पुढे जावं लागलं. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या 2001 च्या जनगणनेत 98 हजारांच्या आसपास होती, 2011 मध्ये 1 लाख 74 हजारांवर गेली. दहा वर्षांत पाऊणपट वाढ. त्यानंतर जनगणना झालेली नाही, पण कात्रप, शिरगाव, बेलवली, मांजर्ली या बाजूंना एक चक्कर मारली तरी वाढ थांबलेली नाही हे दिसतं.

दुसरं कारण तुमच्या पत्रातच आहे, आणि माझ्या मते ते पहिल्याहून मोठं आहे. अकरा महिन्यांचा करार. दर वेळी डिपॉझिट, दलाली, टेम्पो, गॅसचा पत्ता, आधारचा पत्ता, मुलीची शाळा लांब पडणार का याची धास्ती. आपल्याकडे भाड्याने राहणाऱ्या माणसाला कुठेच मुळं धरता येत नाहीत. भिंतीला खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारावं लागतं. त्यामुळे 38 लाख देऊन माणूस भिंतींबरोबर हक्काचा पत्ताही विकत घेतो. तुमच्या सासूबाईंना फक्त हवा आवडली असं मला वाटत नाही. आपलं देवघर आता कुणी हलवायला लावणार नाही, असं एक घर त्यांनी धाकट्या मुलाकडे पाहिलं आणि ते त्यांना हवंसं झालं. त्यांच्या हट्टाकडे या नजरेने बघितलंत तर त्यांच्याशी बोलणं सोपं जाईल.

तिसरं कारण म्हणजे माणसांमागे माणसं जातात. दीर गेले, आता तुम्ही जाल, तुमच्या मागे कुणी मावसबहीण येईल. शेजारी मराठी असतात, गणपतीत इमारतीखाली मांडव असतो, डोंबिवली-कल्याणला निम्मे नातेवाईक असतात. एकटं पडायची भीती उरत नाही. कोंडेश्वर, बारवीचं जंगल, मुळगावचा खंडोबा हाकेच्या अंतरावर. जूनमध्ये स्टेशनबाहेर आदिवासी बायका जांभळं घेऊन बसतात, तशी जांभळं मुंबईत मिळत नाहीत. हे सगळं खरं आहे आणि त्याचं सुख मी कमी लेखणार नाही. त्या टोपल्या घेऊन बसणाऱ्या ठाकूर-कातकरी बायकांचे पाडे आता इमारतींच्या मधे कोंडले गेलेत, आपल्या घरांची किंमत त्यांनीही मोजली आहे, एवढं मात्र तिथे राहायला जाणाऱ्या प्रत्येकाने मनात ठेवावं.

आता तुमच्या झोपेच्या प्रश्नाकडे येते.

सीएसएमटीपासून बदलापूर 68 किलोमीटर. दादरपासून साधारण 59. फास्ट लोकलला दादर-बदलापूर सव्वा तास धरा, गाडी वेळेवर असेल तर. घरापासून स्टेशनपर्यंत शेअर रिक्षा, तिची रांग, पूल, फलाटावरचं थांबणं, दादरला उतरून चालणं, हे सगळं मिळवलं की दारापासून ऑफिसच्या खुर्चीपर्यंत दोन तास होतात. आज भांडुपच्या घरातून तुम्ही तासाभरात ऑफिसात पोचत असाल. म्हणजे रोजचे दोन तास वाढले. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर पन्नास तास. तुमच्या मिस्टरांना आज भांडुपहून ठाण्याला गाडीत दहा मिनिटं लागतात, बदलापूरहून पाऊण तास लागेल. त्यांचाही रोज सव्वा तास तरी जाणार, त्यांना त्रास नाही असं मी म्हणत नाही. पण हिशेब मांडला की दिसतं, घराचा हप्ता दोघांच्या पगारातून जाईल आणि तासांचा हप्ता जास्त तुमच्याकडून. वर संध्याकाळची कुकर-पोळीची वेळ, मुलीचा अभ्यास, सासूबाईंची औषधं तुमच्याकडेच राहिली, तर तुमची भीती शंभर टक्के रास्त आहे.

या सदराकडे लांबच्या उपनगरांतून बायकांची पत्रं येतात. त्यांत घर लहान आहे, पाणी कमी येतं, अशा तक्रारी कमीच असतात. 'मी साडेआठला पोचते तेव्हा सगळे माझ्या हातच्या जेवणासाठी थांबलेले असतात,' अशा अर्थाचं वाक्य मात्र पुन्हा पुन्हा येतं. अंतराने थकलेली बाई मी समजू शकते. ते वाट बघणं मला सहन होत नाही.

त्यामुळे मिस्टरांशी बोलताना 'बदलापूर नको' असं म्हणू नका. तुमचं म्हणणं तसं नाहीच. त्यांना विचारा: बदलापूरला गेल्यावर आपल्यापैकी घरी आधी कोण पोचणार? उत्तर उघड आहे. ठाणे जवळ आहे, तेच तुमच्या तासभर आधी घरी असतील. मग संध्याकाळचा स्वयंपाक आणि मुलीचा अभ्यास त्यांचा. मदत म्हणून नव्हे, त्यांचं काम म्हणून. हे घर घ्यायच्या आधी ठरलं पाहिजे, आणि सासूबाईंच्या समोर ठरलं पाहिजे. मुलगा पोळ्या लाटतोय हे त्यांना बघवेल का, हा प्रश्न त्यांनाही आत्ताच पडू दे. नंतर पडला की त्याचं उत्तर तुम्हाला थकलेल्या अंगाने द्यावं लागेल.

गाडीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण जाहिरातीत फक्त 'स्टेशनपासून पाच मिनिटं' एवढंच असतं. सकाळी कर्जत-खोपोलीहून येणाऱ्या गाड्या बदलापूरला येतात तेव्हाच भरलेल्या असतात. बदलापूरहून सुटणारी गाडी मिळाली तर बसायला जागा मिळेल अशी आशा, पण अंबरनाथहून उलट्या गाडीने येऊन आधीच बसून राहिलेले असतात आणि त्यावरून रोज वाद होतात. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका 2022 मध्ये सुरू झाली. कल्याणच्या पुढे मात्र कर्जतकडे दोनच रूळ आहेत आणि त्यांवरूनच लोकल, पुण्याकडच्या मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या जातात. एक मालगाडी अडली की सगळं अडतं. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका मंजूर आहे, काम चालू आहे. ती झाली की फरक पडेल. ऑगस्ट 2022 मध्ये साध्या लोकलच्या जागी एसी लोकल घातल्या म्हणून बदलापूरकर फलाटावर संतापले आणि मध्य रेल्वेला त्या एसी फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या, तुम्हाला आठवत असेल. एका साध्या गाडीचं जाणं तिथल्या माणसाला किती लागतं ते त्यावरून कळतं. आणि 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ दोन गाड्यांच्या दारांत लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्यांतल्या काहींचा जीव गेला. नोकरीवर निघालेली माणसं होती ती. तुम्हाला घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. पण गर्दीच्या गाडीच्या दारात उभं राहायची सवय लावून घेऊ नका. गाडी सोडा, उशीर होऊ द्या, पण दारात लटकू नका. हे मिस्टरांनाही सांगा.

लेडीज डब्याने अनेकींना तारलंय, तेही खरं. तिथे चौथ्या सीटवर टेकायला देणाऱ्या, भाजी निवडता निवडता एकमेकींच्या मुलींच्या परीक्षा विचारणाऱ्या, डब्यातच हळदीकुंकू करणाऱ्या मैत्रिणी मिळतात. तुम्हालाही मिळतील. तरीही त्या मैत्रीच्या जोरावर वीस वर्षांचा निर्णय घेऊ नका.

मोठ्या फलकांवरच्या गोष्टींचं काय करायचं, हेही सांगते. कांजूरमार्ग-बदलापूर मेट्रो 14 चा प्रस्ताव आहे. वडोदरा-मुंबई द्रुतगती मार्ग बदलापूरजवळून जातो. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर 2025 मध्ये झालं. बिल्डर हे तिन्ही एका फलकावर लिहून दर चौरस फुटामागे पैसे वाढवतो. तुम्हाला रोज दादरला जायचं आहे. त्यात महामार्गाचा आणि विमानतळाचा उपयोग नाही, आणि मेट्रो जेव्हा धावेल तेव्हा धावेल. आज जी गाडी आहे ती धरूनच हिशेब करा. उद्याच्या सोयीचे पैसे आज देऊ नका.

आता जागा. इथे मी सगळ्यात जास्त आग्रह धरणार आहे. उल्हास नदी बदलापूरच्या पश्चिमेला लागून वाहते. 26 जुलै 2005 ला तिथे जो पूर आला तो जुने लोक विसरलेले नाहीत. 27 जुलै 2019 ला बदलापूर-वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, हजाराहून जास्त प्रवासी होड्यांनी बाहेर काढावे लागले. त्याच पावसात हेंद्रेपाडा, रमेशवाडी, बॅरेज रोड या भागांत घरांत पाणी होतं. 2021 च्या जुलैतही आलं. हा भाग सपाट आहे, स्टेशनला जवळ आहे, इमारती देखण्या आहेत आणि नदीचं दृश्य म्हणून जास्त पैसेही मागतात. नदीकाठी दोन पूररेषा आखलेल्या असतात. निळी रेषा पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. इमारत या रेषांच्या कुठल्या बाजूला आहे हे नगरपरिषदेच्या नगररचना विभागात जाऊन विचारा. सेल्स ऑफिसातल्या मुलाच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका. तिथल्या किराणा दुकानदाराला विचारा, 2005 ला पाणी कुठवर होतं. तो भिंतीवर हात ठेवून दाखवेल. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील आणि लिफ्ट बंद पडली असेल, तर पहिल्या मजल्यावर पाणी चढताना तुम्ही दादरला असाल. एवढं एक चित्र डोळ्यांपुढे आणा आणि मगच पूर्व की पश्चिम ते ठरवा. मी तुमच्या जागी असते तर पूर्वेला, चढावरची इमारत बघितली असती.

पाण्याचंही असंच. बदलापूरला पाणी जीवन प्राधिकरण देतं, उल्हास नदीवरच्या बॅरेजमधून. बारवी धरण गावाच्या उशाशी असलं तरी ते एमआयडीसीचं आहे आणि त्याचं पाणी मोठ्या प्रमाणात दुसऱ्या शहरांना आणि कारखान्यांना जातं. गाव वाढलं त्या वेगाने पाइप वाढले नाहीत. नगरपरिषदेचा आवाका एका मध्यम गावाचा आणि माणसं शहराची, ही अडचण रस्ते, कचरा, गटारं सगळीकडे भेटेल. ज्या इमारतीत घर बघाल तिथल्या वॉचमनला एप्रिलमध्ये टँकर किती येतात ते विचारा. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो, समुद्र लांब आहे. सासूबाईंना आवडलेली हवा बहुधा डिसेंबर-जानेवारीतली होती.

मुलीबद्दल. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या एका शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं आणि त्यानंतर सगळं गाव रुळांवर उतरलं, ते तुमच्या मनात असणारच, फक्त तुम्ही लिहिलं नाहीत. असं कुठल्याही गावात घडू शकतं. त्यावरून बदलापूर वाईट ठरत नाही. उलट तिथले पालक आता जास्त जागे आहेत. पण शाळा बघताना मुलींच्या स्वच्छतागृहाकडे बाईमाणूस नेमलेली आहे का, कॅमेरे चालू आहेत का, पालकांना आत यायला कधी परवानगी आहे, हे स्पष्ट विचारा. आणि तुम्ही दोघं गाडीत असताना शाळेतून फोन आला तर दहा मिनिटांत कोण पोचेल, याचं उत्तर तयार ठेवा. सासूबाई असतील, जाऊबाई असतील. दिरांच्या जवळ घर घेण्याचा हा सगळ्यात मोठा फायदा आहे आणि त्यासाठी जाऊबाईंशी आतापासून गोडीने बोलणं ठेवा. त्या घरी असतात म्हणून त्यांना वेळच वेळ आहे असं मात्र गृहीत धरू नका. सासूबाईंच्या मोठ्या आजारपणाला उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय किंवा कल्याण-डोंबिवली गाठावी लागेल, तेही मनात असू द्या.

पैशांचं थोडक्यात. 32 लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं, म्हणजे हप्ता सुमारे 28 हजार. आजच्या भाड्यापेक्षा 12 हजार जास्त, त्यात सोसायटीचा मेंटेनन्स आणि रिक्षा-पासचा खर्च मिळवा. वरचे 6 लाख तर लागतीलच, शिवाय मुद्रांक शुल्काचे दोन-अडीच लाख आणि नोंदणीचे 30 हजार. बांधकाम चालू असलेलं घर असेल तर जीएसटी. 60 चौरस मीटरच्या आतलं आणि 45 लाखांपर्यंतचं घर असेल तर तो 1 टक्का. तयार, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलं घर घेतलंत तर तोही नाही, आणि तुमच्यासारख्या भाडं भरणाऱ्यांनी तयार घरच घ्यावं. भाडं आणि हप्ता एकाच वेळी भरताना माणसं मोडतात. महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा क्रमांक घालून बघा, कार्पेट एरिया, म्हणजे घरात प्रत्यक्ष वापरायला मिळणारी जागा, करारनाम्यात लिहून घ्या. आणि कर्जात तुमचा पगार धरलाय, तर करारनाम्यावर तुमचं नाव असायलाच हवं. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलतही आहे. हे सांगताना संकोचू नका.

आता माझं मत. जा. पण आत्ता विकत घेऊ नका. भांडुपचा करार संपला की बदलापूरला एक वर्ष भाड्याने राहा, दिरांच्या जवळपास. भांडुपच्या भाड्यापेक्षा तिथे कमी पडेल, वाचलेले पैसे डाउन पेमेंटला घाला. त्या वर्षात एक पावसाळा आणि एक मे महिना आला पाहिजे. मिस्टर म्हणतील, वर्षभरात भाव वाढतील. वाढतील कदाचित. पण भलत्या इमारतीत अडकलेले 38 लाख सोडवणं त्याहून महाग पडतं.

त्याच वर्षात तुमच्या नोकरीचं बघा. दादर सोडायचंच नाही असं काही आहे का? अकाउंट्सचं काम ठाण्यात आहे, कल्याणात आहे, अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतल्या कंपन्यांना लागतं, आणि ते तर बदलापूर पूर्वेहून रिक्षाच्या अंतरावर. पगार दोन-तीन हजारांनी कमी मिळाला तरी ते पन्नास तास परत मिळतात. सध्याच्या सरांना आठवड्यातले दोन दिवस घरून काम मागून बघा. रिटर्न भरायचे महिने सोडले तर त्यांना जमण्यासारखं आहे. नोकरी सोडून मात्र देऊ नका, कुणी कितीही प्रेमाने सुचवलं तरी. त्या 28 हजारांच्या हप्त्यात तुमचा पगार आहे.

आणि पहिलं पाऊल याच आठवड्यात टाका. एखाद्या कामाच्या वाराच्या आदल्या संध्याकाळी दोघंही दिरांकडे राहायला जा. रविवार नको. मुलीला सासूबाईंकडे भांडुपलाच ठेवा. सकाळी तिथूनच दोघं कामावर निघा, तुम्ही लेडीजमधून आणि ते जनरलमधून, आणि संध्याकाळी पुन्हा तिथेच या. त्या रात्रीचा स्वयंपाक मिस्टरांनी करायचा, जाऊबाईंनी नाही. जेवून झालं की मग घराचा विषय काढा. काय ठरतं ते मला नक्की कळवा.